३९ फुटांना पाकीट द्या, ४३ फुटांना लिंक नको

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझं गंगावेशीजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काच बदलणं, चार्जिंगचा पोर्ट बसवणं, रिचार्ज, आणि कोपऱ्यात एक झेरॉक्स मशीन. शिक्षणाबद्दल बोलायला मी कोण, असं कुणी विचारेल. घरातली दोन मुलं शाळेला जातात म्हणून मी पालक, आणि पुराच्या दिवसांत तुम्ही ज्या फोनवर शाळा भरवता ते फोन शेवटी माझ्याच काउंटरवर येतात म्हणून साक्षीदार. सांगायचंय ते एवढंच : पूर आला की ऑनलाइन तास घेऊ नका, पाणी इशाऱ्याच्या खुणेला लागलं की मुलांच्या हातात अभ्यासाचं कागदी पाकीट द्या.

सध्या मे महिना चालू आहे. पंचगंगेच्या घाटाच्या खालच्या पायऱ्यासुद्धा उघड्या पडल्यात. म्हणूनच आत्ता लिहितोय. जुलैत लिहिलं तर वाचायला तुम्हाला सवड नसेल आणि लिहायला मला. मी तेव्हा दुकानातला माल माळ्यावर चढवत असतो.

२०२४ च्या जुलैतली गोष्ट सांगतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ४३ फुटांच्या वर गेलं, म्हणजे धोका पातळी ओलांडली. आमच्या घरात पाणी आलं नव्हतं, पण २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेला माणूस पाणी यायची वाट बघत बसत नाही. मुलांना आदल्या संध्याकाळीच राजारामपुरीत माझ्या बहिणीकडं सोडलं. शाळेला सुट्टीचा आदेश रात्रीच आला होता. सकाळी पावणेआठला शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला : ‘आज शाळा बंद राहील. तथापि सर्व तास ऑनलाइन होतील. उपस्थिती अनिवार्य.’ तो ‘तथापि’ माझ्या अजून डोक्यात बसलाय.

आता चित्र बघा. माझा फोन माझ्या खिशात, मी दुकानात. बायकोचा फोन तिच्याकडं, ती घरात धान्याचे डबे वर ठेवतेय. मुलं आत्याच्या घरी, आत्याचा फोन एक, वर्ग दोन. मोठी सातवीत, धाकटा तिसरीत, दोघांचा तास आठलाच. मोठी हुशार. तिनं लिंक उघडली, ‘प्रेझेंट’ लिहिलं आणि फोन भावाच्या हातात दिला. धाकट्याची लिंक उघडायला गेली तर ‘थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल’. तो थांबला. पाऊण तास फोनकडं बघत थांबला. संध्याकाळी हजेरी आली : मोठी हजर, धाकटा गैरहजर, पालकांनी कारण कळवावं. म्हणजे जी तासाला नव्हती ती हजर लागली आणि जो इमानदारीत बसून होता तो गैरहजर. मी पोरीला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, “पप्पा, मी प्रेझेंट टाकलो आणि फोन याला दिलो. सर काय विचारलेच नाहीत.”

शाळेचं नाव लिहिणार नाही. एकाच शाळेचा तो दोष असता तर हे पत्र खुलं कशाला लिहिलं असतं? त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येक आईबापाकडं अशीच एक गोष्ट होती, फक्त शाळा निराळी.

हजेरीचं एकवेळ सोडून देतो. खरं नुकसान पुढं झालं. त्या चार-पाच दिवसांत सातवीला गणिताचा नवा धडा ‘झाला’. पाणी उतरलं, शाळा भरली, सर पुढच्या धड्यावर गेले. ज्यांच्या घरात पाणी होतं, ज्यांना रेंज नव्हती, ज्यांचा फोन बापाबरोबर टेम्पोवर गेला होता, त्यांना तो धडा कधी शिकवलाच गेला नाही. वहीत मात्र तारीख पडली. पुरानं जे नेलं त्याचा पंचनामा होतो. ह्या धड्याचा पंचनामा कोण करणार?

तुमच्या जागी मी असतो तर मीही बहुधा लिंकच पाठवली असती, हे आधी कबूल करतो. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस मागतो. खाली ८०० आणि १००० तासांचा हिशेब आहे. पावसाळ्यात आठ-दहा दिवस गेले की मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो, हे मी ओळखतो. खासगी शाळेत त्यावर आणखी एक वजन : फी घेतलीय, मग शाळा चालू दिसली पाहिजे. आणि २०२० नं एक सवय लावून ठेवलीय. शाळा बंद म्हटलं की हात आपोआप लिंककडं जातो.

पण भल्या माणसांनो, २०२० ला काय होतं ते आठवा. मार्चमध्ये शाळांना कुलूप लागलं, तेव्हा घर जागेवर होतं. वीज होती. बाप घरी बसून होता आणि त्याचा फोनही घरीच होता. शिक्षण खात्याची रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर येत होती, सह्याद्री वाहिनीवर धडे लागत होते, पुस्तकातला क्यूआर कोड दाबला की दीक्षा ॲप उघडत होतं. तेव्हाही सगळ्यांना जमलं नाहीच. पण शाळा बंद असली तरी निदान घर चालू होतं. पुरात उलटं असतं. शाळेच्या आधी घर बंद पडतं. टाळेबंदीचं औषध पुराला देऊन कसं चालेल?

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण ते तुम्हाला कुणी सांगत नाही. पाणी ट्रान्सफॉर्मरपाशी आलं की महावितरण त्या भागाची लाइन बंद करते, आणि करायलाच पाहिजे, नाहीतर माणसं मरतील. लाइन गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी काही तास पुरते. मग जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलची गाडी पाण्यातून जाईना. २०१९ ला नि २०२१ ला पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ बंद पडला होता, तिथं टॉवरच्या डिझेलची काय कथा. जो टॉवर चालू राहतो त्याच्यावर सगळ्या गावाची गर्दी होते, कारण जो तो फोन करून विचारतोय, पाणी कुठवर आलं. त्यात आपण चाळीस पोरांचा व्हिडिओ सोडायचा! नातेवाइकाला ‘आम्ही सुखरूप आहे’ एवढा फोन लागत नाही, आणि वर्गात मात्र कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. दिवसाचा दीड जीबीचा पॅक दोन पोरांच्या तासांत दुपारच्या आत संपतो. मग माझ्याकडं येतात, “दादा, वीस-तीसचं काहीतरी मारा.” मी मारतो. पुराच्या आठवड्यात माझा रिचार्जचा धंदा वाढतो, हेही सांगून टाकतो, म्हणजे हे पत्र मी माझ्याच पोटावर पाय देऊन लिहितोय हे कळेल.

सगळ्यात जास्त मनात राहिलेला एक पोरगा आहे. आठवीतला असेल. नदीकाठच्या वस्तीतली काही कुटुंबं पाणी वाढलं की एका शाळेत आणून ठेवतात. मी तिथं एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड द्यायला गेलो होतो, कारण सगळ्या निवारा केंद्रात चार्जिंगचं पॉइंट एकच आणि त्याच्याखाली फोनचा ढीग. हा पोरगा त्या ढिगापाशी राखणीला बसल्यासारखा बसला होता. विचारलं तर म्हणाला, तास चालू आहे, फोन चार टक्क्यांवर आहे. कुठली शाळा? तर “हीच.” त्याची शाळा बंद होती आणि तो शाळेतच होता. त्याचा बाक व्हरांड्यात उलटा रचून ठेवलेला, त्याच्या वर्गात त्याची आजी झोपलेली, आणि फळ्यावर कुणीतरी कुटुंबवार माणसांची संख्या लिहून ठेवलेली. एक शिक्षक तिथं होते. ते जेवणाची पाकिटं मोजत होते.

त्या सरांना मी नावं ठेवणार नाही. कायद्यानंच शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ह्या तीन कामांना लावता येतं. पुरात अर्धे गुरुजी निवारा केंद्रावर आणि नंतर पंचनाम्याला. काहींच्या स्वतःच्याच घरात पाणी. शिरोळ तालुक्यातला एक शिक्षक माझं गिऱ्हाईक आहे, तो मेव्हण्याच्या गच्चीवर उभा राहून तास घेत होता, पावसात, फोनला प्लास्टिकची पिशवी बांधून. मला सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही.

आता मागणी. एकच आहे, ती नीट ऐका.

आपल्या पुराइतका सांगून येणारा पाहुणा दुसरा नाही. राधानगरी धरणाची स्वयंचलित दारं उघडली की बातमी येते. किती बंधारे पाण्याखाली गेले ते रोज कळतं. शिवाजी पुलावर जाऊन मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या जुन्या खुणेला लागलं का, ते बघणारी जुनी माणसं अजून आहेत. राजाराम बंधाऱ्याची पातळी तर कोल्हापुरातलं शेंबडं पोरगंही सांगतं : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ह्या दोन आकड्यांच्या मध्ये चार फूट आहेत. पाणी तासाला दोन इंच चढलं तर चोवीस तास. त्या चार फुटांत आम्ही दुकानदार माल हलवतो, गवळी म्हशी हलवतात, चिखली-आंबेवाडीची माणसं गावं सोडतात. मग शाळांनीच त्या चार फुटांत काहीही का करू नये?

नदी ३९ फुटांवर आली की त्या दिवशीच्या शेवटच्या तासाला प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक पाकीट द्या. आठ-दहा पानं, पाठपोट, झिपच्या प्लास्टिक पिशवीत. जूनमध्येच तयार करून कपाटात ठेवलेलं. पाणी ३९ वरून परत उतरलं तर काही बिघडत नाही, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल. आणि ४३ फुटांनंतर लिंक नको, हजेरी नको, नवा धडा तर अजिबात नको. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडी ह्या बाजूला फुटांचा हिशेब लागू पडत नाही. तिथं पावसानं रस्ता तुटतो आणि रेंजसाठी एरवीही टेकावर जावं लागतं. त्यांनी पाकीट पहिल्या पावसातच देऊन टाकावं.

त्या पाकिटात काय घालायचं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पण आगाऊपणा करतोच. गाईडातली प्रश्नपत्रिका छापून देऊ नका. पोरांच्या डोळ्यांसमोर जे चाललंय तेच घाला. राधानगरीला सात स्वयंचलित दारं आहेत आणि एका दारातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे पेपरात दरवर्षी छापून येतं. सातही उघडली तर किती? ९९९६. मग एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तर एका दारातून सेकंदाला किती लिटर? चाळीस हजारांच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर घेतला तर एका सेकंदात चार टँकर, नुसत्या एका दारातून! हे गणित मी माझ्या पोरीला पूर ओसरल्यावर घातलं. तिनं ते तीनदा करून बघितलं, कारण उत्तरावर तिचा विश्वासच बसेना. तिसरीच्या पोराला सांगा, रोज सकाळी नि संध्याकाळी पाण्याची पातळी विचारून घे आणि चौकटीच्या कागदावर टिंब मांड. आठवड्यानं त्याचा आलेख झालेला असेल. ३९ फुटांचे मीटर किती ते पाचवीतलं पोरगं काढेल. आजीला विचारून २००५ च्या पुराचं लिहून काढ, हा झाला मराठीचा निबंध. निवारा केंद्रात पन्नास माणसांना खिचडी करायची तर तांदूळ किती लागेल, ते आचाऱ्याला विचारून ये. ज्या मुलाच्या घरात पाणी आलंय त्याला ह्यातलं काहीच करायचं नसेल तर त्यानं करू नये. पाकिटावर गुण नाहीत, हे पाकिटावरच मोठ्या अक्षरात छापा, नाहीतर आमच्यासारखे पालक पोरांना ते रात्रीत पुरं करायला लावतील.

खर्चाचं म्हणाल तर हा माझा प्रांत. घाऊक काढलं तर पिशवीसकट पोरामागं पंधरा रुपयांच्या आत बसतं. एका पोराचा एका दिवसाचा जादा डेटा पॅक त्याहून महाग आहे.

फोन अजिबात वापरू नका असं मी म्हणत नाही. मोबाइलवाल्यानं असं म्हटलं तर लोक हसतील. फोन बोलायला वापरा. साधा कॉल, पाच मिनिटं. वर्गात चाळीस मुलं असतील तर सगळे मिळून दोनशे मिनिटं, तीन दिवसांत वाटले तर रोज तासाभराहून थोडं जास्त. कुठं आहेस, जेवलास का, औषध कुणाला पाहिजे का, पुस्तक भिजलं का. व्हिडिओला रेंज नसते तिथं कॉल कधीकधी लागतो, आणि कीपॅडच्या फोनवरही लागतो. लागला नाही तर त्या पोराच्या नावापुढं खूण करा. ती खूण गैरहजेरीची समजू नका, पाणी उतरल्यावर आधी कुणाच्या दारात जायचं त्याची ती यादी. माझ्या धाकट्याला त्याच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी असाच फोन केला होता, शाळेनं सांगितलं नसताना. तो अजून सगळ्यांना सांगत असतो, बाईंनी मला फोन केला. चार दिवसांच्या तासांतलं त्याला बाकी काही आठवत नाही.

आणखी एक सुचतंय. कोल्हापुरात आकाशवाणीचं केंद्र आहे. उन्हाळ्यात चार चांगल्या शिक्षकांना बसवून अर्ध्या अर्ध्या तासाचे दहा धडे ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि पुराच्या दिवसांत सकाळी लावले तर? बऱ्याच फोनमध्ये इअरफोन खुपसला की एफएम लागतं, त्याला नेट लागत नाही. पेन्सिल सेलवरचा रेडिओ माझ्याकडं अजून विकत मिळतो, घेणारं कुणी नाही. हे एका शाळेच्या आवाक्यातलं नाही, पण मुख्याध्यापकांच्या संघानं एक पत्र लिहायला काय हरकत आहे.

राहिला २०० आणि २२० दिवसांचा प्रश्न. बुडालेले दिवस भरायचे तर उघड्यावर भरा. शनिवारची सकाळची शाळा दुपारपर्यंत लांबवा, दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस घ्या. आम्ही कुरकुरू, पण पाठवू. त्या दिवशी पोरगं वर्गात खरंच बसलेलं असेल. आणि शाळा पुन्हा उघडेल तेव्हा पहिले दोन दिवस चाचणी घेऊ नका. ते दिवस गाळ काढायचे, ब्लीचिंग पावडर मारायचे, आणि कुणाकुणाची पुस्तकं गेली ते बघायचे. पुस्तकांचे चार भाग केले होते त्या काळात पूर आला की एक भाग भिजायचा, तीन वाचायचे. त्या योजनेचा मला दिसलेला तो एकमेव फायदा.

२०२१ चं एक सांगायचं राहिलं. कोरोनानं बुडालेला अभ्यास भरून काढायला १ जुलैपासून राज्यभर ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला होता. तीन आठवडे झाले आणि नदी आली, २०१९ ला ५५ फुटांच्या वर होती ती ह्या वेळी ५६ च्या वर. सेतूच पाण्याखाली गेला. तेव्हा कुणाला दोष देता येत नव्हता. आता इतके पूर बघून झाल्यावर देता येतो.

तुमच्यातल्या पुष्कळांच्या कार्यालयात शाहू महाराजांचा फोटो आहे. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या योजनेतली पहिली शाळा चिखलीत निघाली असं मी वाचलंय. पाणी वाढलं की आज आधी जे गाव रिकामं करायला लागतं, ते चिखली. राधानगरीचं धरण बांधायला घेतलं तेही महाराजांनीच. दंड त्यांचाही कडक होता, पण दंडाच्या आधी त्यांनी गावात शाळा नेली होती. आपण पोरांना गैरहजर लावतो तेव्हा त्यांच्यापर्यंत काय नेलेलं असतं?

माझं झेरॉक्स मशीन १ जूनपासून १५ जूनपर्यंत दुपारी दोन ते चार मोकळं असतं. कागद तुम्ही आणायचा, टोनर माझा. जास्त शाळा आल्या तर नंबर लावावे लागतील, म्हणून आधी नदीकाठच्या शाळांनी यावं. पत्र लिहून झाल्यावर घरात वाचून दाखवलं. पोरगी म्हणाली, “पप्पा, पिना मी मारतो.”

आपला नम्र,
गंगावेशीतला एक मोबाइलवाला पालक